आधी वही, मग लेझर

मागच्या अंकात म्हाताऱ्या कुत्र्यांच्या सांध्यांविषयी लिहिताना ‘काही जणांना लेझर उपचाराचा उपयोग होतो’ एवढं एकच वाक्य लिहून मी पुढे गेले. तुम्ही नेमकं तेच वाक्य धरलंत. या वेळच्या टपालात लेझरबद्दलची पत्रं इतकी आहेत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून आज फक्त याच विषयावर बोलते.

प्रश्न : डॉक्टर, आमचा शेरू ११ वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे, वजन ४१ किलो. एक्स-रेमध्ये दोन्ही खुबे झिजलेले दिसले. दुखण्याची गोळी चालू होती, पण रक्ततपासणीत यकृताचे आकडे थोडे वाढलेले आले, म्हणून डॉक्टरांनी गोळी निम्मी केली आणि लेझरच्या सहा सिटिंग सुचवल्या. माझे यजमान म्हणतात, अंगावर टॉर्च मारून कुठे हाड बरं होतं का? शेरूला सहा वेळा गाडीत चढवायचं म्हणजे त्याचेच हाल. खरंच उपयोग होतो का, हे तुम्ही स्पष्ट सांगा.

उत्तर : यजमानांच्या टॉर्चपासूनच सुरुवात करू. अंधारात पेटता टॉर्च तळहाताखाली धरून बघा. टॉर्चचा उजेड पांढरा असतो, पण बोटं लाल दिसतात. बाकीचे रंग रक्त आणि त्वचा शोषून घेतात, लाल तेवढा आरपार येतो. उपचाराचा लेझर याच फटीतून आत शिरतो. लाल आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश, म्हणजे साधारण ६०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीचा, ऊतींमध्ये इतर रंगांपेक्षा खोल जातो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तिच्यातल्या मायटोकॉन्ड्रियात सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ नावाचं प्रथिन असतं, ते हा प्रकाश शोषतं. त्यानंतर पेशीला ऊर्जा जास्त मिळते, अडकून बसलेला, रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू सुटतो, त्या जागेचा रक्तपुरवठा सुधारतो आणि सूज वाढवणारी रसायनं कमी होतात, असं आजचं प्रमुख स्पष्टीकरण आहे. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते उंदरांमुळे. १९६७ साली बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर या डॉक्टरांनी उंदरांची पाठ भादरून तिच्यावर कमी शक्तीचा रुबी लेझर सोडला, तेव्हा लेझर मिळालेल्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. पहिला लेझर तयार होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती.

हाडाबद्दल मात्र यजमानांचं बरोबर आहे. खुब्यातली झिजलेली कूर्चा लेझरने परत येत नाही. हाडाला फुटलेले काटे विरघळत नाहीत. सहा सिटिंगनंतर एक्स-रे काढलात तर तो आजच्यासारखाच दिसेल. कमी होऊ शकते ती सांध्याभोवतीची सूज, आखडलेल्या स्नायूंचा ताण आणि वेदना. ११ वर्षांच्या कुत्र्यासाठी हे थोडं नाही. कोपराच्या संधिवातावरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण निम्म्या कुत्र्यांना खरा लेझर आणि बाकीच्यांना नुसतंच बंद यंत्र फिरवलेलं, अशी त्याची मांडणी होती. लेझर मिळालेल्यांचं लंगडणं कमी झालं आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची वेदनाशामक औषधं कमी करता आली. कुत्रे २० च होते, त्यामुळे मी त्याला शेवटचा शब्द मानत नाही. पण शेरूची अडचण नेमकी गोळीचीच आहे, म्हणून तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो.

आता माझी अट. पहिल्या सिटिंगच्या आधी सात दिवस एक वही लिहा. सकाळी उठून उभं राहायला त्याला किती सेकंद लागले. उठल्यावर किती पावलांनी पाय मोकळे झाले. रात्री किती वेळा जागा बदलली. पायऱ्यांशी येऊन थांबला की चढला. बसताना सरळ बसला की एका कुशीवर कलंडला. शिवाय एक व्हिडिओ काढा : तीच जागा, तीच वेळ, एकदा बाजूने आणि एकदा मागून, चालतानाचा. पुढे दर आठवड्याला तसाच एक.

एवढा आग्रह का, तर आपलं मन आपल्याला फसवतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संधिवात असलेल्या आणि औषधाच्या नावाखाली नुसतं निरुपयोगी द्रव्य मिळालेल्या ५८ कुत्र्यांची चाल पायाचा दाब मोजणाऱ्या पट्टीवर तपासली होती. पट्टीवर फरक नसतानाही कितीतरी मालकांना आणि पशुवैद्यांनाही आपला कुत्रा सुधारलेला दिसला. जीव लावलेल्या जनावराला बरं वाटावं अशी आपली इतकी इच्छा असते की ते बरं दिसायलाच लागतं. मीही त्यातून सुटलेली नाही, म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाकडून मी वही मागते. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग गरजेप्रमाणे असा सर्वसाधारण क्रम असतो. सहा सिटिंगनंतर वहीत काहीच हललेलं नसेल तर थांबा आणि डॉक्टरांना ती वही दाखवा. ‘अजून सहा करून बघू’ यावर लगेच हो म्हणू नका.

आणि ४१ किलो. माझ्या मते शेरूचा सर्वांत मोठा उपचार इथे आहे. जाड कुत्र्यांचं वजन सुमारे सहा टक्के उतरलं की लंगडणं मोजता येईल इतकं कमी होतं, असं दिसून आलं आहे. शेरूच्या बाबतीत ते अडीच किलो होतात. ४८ लॅब्रॅडॉर जन्मभर अभ्यासले गेले, त्यांचे निष्कर्ष २००२ साली आले. भावंडांपेक्षा २५ टक्के कमी खायला मिळालेले कुत्रे साधारण १३ वर्षं जगले, भरपूर खाणारे ११.२ वर्षं, आणि कमी खाणाऱ्यांना संधिवाताचा त्रासही उशिरा सुरू झाला. तेव्हा खाणं अंदाजाने घालू नका, मापाने मोजून घाला. घरातल्या गुळगुळीत फरशीवर त्याच्या नेहमीच्या वाटेवर पाय न घसरणारी सतरंजी टाका. गाडीत चढवायला फळीचा उतार करा, म्हणजे यजमानांची ती काळजीही मिटेल. गोळी मात्र तुमच्या मनाने बंद करू नका. लेझर तिच्या जोडीला आहे. कमी करायची ती डॉक्टरांनी, रक्त पुन्हा तपासून.

प्रश्न : माझी मांजर मनी १४ वर्षांची आहे. हल्ली ती खिडकीत उडी मारत नाही, दिवसभर झोपते. वय झालं असेल असं वाटतं. तिला दवाखान्यात नेलं की ती दोन दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही, म्हणून घरीच काही करता येईल का? तिच्याशी खेळायचा लाल ठिपक्याचा लेझर आमच्याकडे आहे. तो तिच्या कमरेवर रोज धरला तर चालेल का?

उत्तर : ठिपक्याचा हिशेब करून दाखवते. प्रकाशाचा डोस जूलमध्ये मोजतात. एक वॅटचं यंत्र एक सेकंद चालवलं की एक जूल ऊर्जा मिळते. सांध्याच्या दुखण्यासाठी दर चौरस सेंटीमीटरला साधारण ८ ते १० जूल देतात. मनीची कंबर आणि खुबे मिळून १०० चौरस सेंटीमीटर धरले तर किमान ८०० जूल झाले. दवाखान्यातलं ४ वॅटचं यंत्र ते २०० सेकंदांत देतं. खेळण्यातला लेझर ५ मिलिवॅटचा असेल तर तेवढ्यालाच ४४ तासांहून जास्त लागतील, आणि केसांत अडेल ते वेगळंच. वर मांजर वळून बघेल तेव्हा तो ठिपका तिच्या डोळ्यांत जाईल. नको. घरी वापरायची यंत्रंही मिळतात. त्यांची शक्ती आणि तरंगलांबी लिहून घ्या आणि हाच हिशेब तुमच्या डॉक्टरांसमोर करा. पाच मिनिटांत कळेल की वस्तू कामाची आहे की नुसता दिवा आहे. जास्त प्रकाश म्हणजे जास्त गुण असंही नसतं. ठरावीक डोसच्या पुढे गेलं की परिणाम उलट कमी होतो.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला खटकलं : ‘वय झालं असेल’. बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले होते, २००२ साली. त्यांतल्या ९० जणांच्या सांध्यांत झीज होती. मांजर लंगडत नाही, ओरडत नाही. ती फक्त एकेक गोष्ट सोडून देते. आधी उंच उडी, मग कमरेकडचे केस चाटून साफ करणं, मग शी-शूच्या उंच कडांच्या ट्रेमध्ये जाणं. मनीच्या पाठीमागचे केस गुंतलेत का, बघा. खिडकीत चढायच्या आधी ती खाली उभी राहून वर बघते आणि मागे फिरते का, तेही बघा. तसं असेल तर हे दुखणं आहे आणि त्यावर मांजरांसाठीची औषधं आहेत. तिचा व्हिडिओ काढून आधी डॉक्टरांना एकट्यानेच जाऊन दाखवा. खिडकीखाली एक ठेंगणं स्टूल ठेवा, ट्रेची एक बाजू कापून खाली करा. माणसांची दुखण्याची गोळी तिला अर्धी, पाव, चिमूटभरसुद्धा देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीराला निचरा करता येत नाही, एका गोळीने मांजर मरू शकते.

प्रश्न : आमचा मोठ्या जातीचा सात वर्षांचा कुत्रा तीन आठवड्यांपासून पुढच्या डाव्या पायाने लंगडतो. मनगटाच्या थोडं वर सूज आहे. मुरगळलं असेल, लेझरने उतरेल असं एका ठिकाणी सांगितलं. एक्स-रे काढायला भूल द्यावी लागेल म्हणून आम्हाला भीती वाटते. आधी लेझर करून बघावं का?

उत्तर : नाही. आधी एक्स-रे, आणि तो याच आठवड्यात.

यामागे माझीच एक चूक आहे. ती मी आजवर लिहिली नव्हती. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक कुत्रा आला. मोठं हाडपेर, शांत डोळे, पुढच्या पायाच्या मनगटाच्या वर लिंबाएवढाही नाही असा फुगवटा. टेबलावर तो माझ्या हातावर हनुवटी ठेवून उभा राहायचा. मालकांनी सांगितलं, खेळताना घसरला होता. मी ते मान्य केलं. लेझरचं यंत्र तेव्हा नवीन घेतलं होतं आणि त्याच्यावर माझा फार विश्वास होता. मी चार सिटिंग केल्या. प्रत्येक सिटिंगनंतर दोन दिवस तो बरा चालायचा, मग पुन्हा लंगडायचा. पाचव्या वेळी सूज हाताला टणक लागली आणि मी एक्स-रे काढला. हाडाचा कर्करोग होता. हाड आतून पोखरल्यासारखं झालं होतं. तीन आठवडे मी दुखण्यावर प्रकाश टाकत होते आणि दुखणं मला दिसलंच नव्हतं. लवकर कळलं असतं तर तो बरा झाला असता असं मी म्हणत नाही, हा रोग फार वेगाने पसरतो. पण ते तीन आठवडे त्याचे होते आणि त्याच्या घरच्यांचे होते. त्यांना निर्णय घ्यायला ते मिळायला हवे होते.

मोठ्या जातींत हा कर्करोग ठरलेल्या जागा धरतो : पुढच्या पायात मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ, मागच्या पायात बहुतेकदा गुडघ्याच्या आसपास. तुम्ही लिहिलेली जागा त्यांतलीच एक आहे. तुमच्या कुत्र्याला तेच झालंय असं मुळीच नाही. मुरगळणं असू शकतं, जंतुसंसर्ग असू शकतो. पण गाठीवर किंवा गाठीचा संशय असलेल्या जागी लेझर धरत नाहीत, कारण पेशींना चालना देणारा प्रकाश तिथे आपल्याला नको असतो. पायाच्या एक्स-रेला बरेचदा थोडी गुंगी पुरते. शांत कुत्रा तर तशीच पाच मिनिटं निजून राहतो. भीती काय वाटते ते डॉक्टरांना उघड सांगा, ते त्याप्रमाणे औषध निवडतील.

प्रश्न : आमच्या डॅशहुंडच्या मणक्याची गादी सरकली होती. चार दिवसांपूर्वी शस्त्रक्रिया झाली. मागचे पाय अजून नीट उचलत नाही. लेझरने लवकर चालायला लागतो असं वाचलं.

उत्तर : २०१२ चा एक अभ्यास तसं सांगतो : या शस्त्रक्रियेनंतर लेझर मिळालेले कुत्रे साधारण साडेतीन दिवसांत पाय टाकू लागले, न मिळालेले १४ दिवसांत. हा आकडा सगळीकडे फिरतो. पुढे २०१७ मध्ये दुसऱ्या एका गटाने तपासलं तेव्हा असा फरक आढळला नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. कुत्रा दवाखान्यातच असेल आणि सोय असेल तर जरूर घ्या. पण त्यासाठी त्याला रोज गाडीत हिंदकळत नेऊ नका. आत्ता त्याला हवी आहे ती बंदिस्त जागेतली विश्रांती, पोटाखाली पट्टा धरून आधार, डॉक्टरांनी शिकवलेले पायांचे व्यायाम आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होतंय यावर तुमची नजर.

एक चाचणी डॉक्टरांकडून समजून घ्या. मागच्या पायाचं बोट चिमटल्यावर त्याने पाय आखडला, एवढ्यावर त्याला जाणीव आहे असं धरू नका. पाय आखडणं ही मणक्याची आपोआप होणारी क्रिया असू शकते. त्याने मान वळवून बघितलं किंवा आवाज केला, तर वेदना मेंदूपर्यंत पोचली. ती आज पोचत होती आणि उद्या पोचेनाशी झाली, तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना गाठा.

प्रश्न : आमची काळी कुत्री लेझर लावताना एकदम किंचाळली. तंत्रज्ञ म्हणाला, घाबरली असेल. आम्हाला खोलीत थांबू दिलं, पण गॉगल एकच होता आणि तो त्याने घातला होता. हे बरोबर आहे का?

उत्तर : दोन्ही बाबतींत नाही. काळी त्वचा आणि काळे केस प्रकाश जास्त शोषतात आणि तो तिथेच उष्णता होतो. अर्ध्या वॅटच्या वरच्या, चौथ्या वर्गातल्या यंत्राने एका जागी थांबलं तर चटका बसतो. अशा जनावराला शक्ती कमी आणि वेळ जास्त ठेवतात, टोक सतत फिरतं ठेवतात आणि दुसऱ्या हाताने त्वचा चाचपत राहतात. ती किंचाळली म्हणजे तिला भाजलं असं मी धरून चालेन. त्या जागी केस बाजूला करून लालसरपणा किंवा फोड दिसतो का, ते आजच बघा.

गॉगल खोलीतल्या प्रत्येकाला हवा, आणि तोही त्याच तरंगलांबीचा. उन्हाचा चष्मा कामाचा नाही. झगझगीत प्रकाश दिसला की आपण पापणी मिटतो, पण अवरक्त प्रकाश दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा होते. कुत्रीचे डोळेही झाकायला हवेत, साधा गडद कापडी पट्टा चालतो. पुढच्या वेळी गॉगल नसेल तर तुम्ही बाहेर थांबू नका, तिला घेऊन बाहेर या.

थोडक्यात उत्तरं : गुडघ्यात धातूची पट्टी बसवलेल्या कुत्रीला लेझर चालतो, प्रकाशाने आतली पट्टी तापत नाही. टाक्यांवरही चालतो, टोक जखमेला न टेकवता. मोठ्या उघड्या जखमांबद्दल मात्र अपेक्षा बेताची ठेवा. कुत्र्यांवरच्या २०१५ च्या एका अभ्यासात जखम भरण्याच्या वेगात फायदा दिसला नव्हता. स्वच्छता आणि मलमपट्टी बदलणं यांचं काम लेझर करत नाही. गाभण मांजरीच्या पोटावर नको. सहा महिन्यांच्या पिल्लाच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात, तिथेही मी धरत नाही. टेट्रासायक्लिनसारखी, प्रकाशाने त्वचा हुळहुळी करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगा.

प्रश्न : आमची राणी १५ वर्षांची. लेझरच्या दहा सिटिंग झाल्या. पहिल्या चारांत बरं वाटलं, आता वाटत नाही. दवाखान्याचं दार दिसलं की ती थरथरते आणि बसकण मारते. मुलगी म्हणते, थांबवलं तर आपण तिच्यासाठी सगळं केलं नाही असं होईल. मला कळेनासं झालंय.

उत्तर : थांबवा. राणीने तुम्हाला दारातच सांगितलं आहे. चार सिटिंगचा गुण खरा होता, त्याबद्दल मनात शंका ठेवू नका. आता दुखणं त्याच्या पुढे गेलंय. लेझर थांबला म्हणजे उपचार थांबला असं नाही. तुमच्या डॉक्टरांना घरी येण्याची विनंती करा आणि दुखण्याची औषधं नव्याने ठरवून घ्या. या वयातही त्यांत बदल करायला वाव असतो, एकाच्या जोडीला दुसरं देता येतं. जाड अंथरूण, पाण्याचं भांडं तिच्या तोंडाच्या उंचीवर, दर काही तासांनी कूस बदलून देणं, हे तुम्ही आणि मुलगी वाटून घेऊ शकता.

वही मुलीकडे द्या. त्यात आता सेकंद आणि पावलं नकोत. राणीला आवडणाऱ्या चार-पाच गोष्टी लिहा. ती तुमची पावलं ओळखून शेपूट हलवते का, हाताने भरवलं तर खाते का, उन्हाच्या जागी सरकते का. रोज संध्याकाळी त्यांतल्या किती झाल्या ते मांडा. तीन आठवड्यांनी मला ते पान पाठवा. मासिकाच्या पत्त्यावरच पाठवा, मी तुम्हाला वेगळं उत्तर लिहीन.